लेबलवाल्याची उचल

परभणीहून पाच जणांनी मिळून पत्र पाठवलंय. लांबलचक आहे, त्यातलं कामाचं तेवढं इथं देतो:

"काका, आमचा बँड तीन वर्षांपासून चालू आहे. हलगी, संबळ, गिटार, बेस अन् एक गाणारी. जनाबाईचा एक अभंग आम्ही आमच्या पद्धतीनं केला, त्याला यूट्यूबवर सहा महिन्यात दोन लाख व्ह्यूज झाले. मग मुंबईच्या एका लेबलचा, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीचा, इन्स्टावर मेसेज आला. सात गाणी पाहिजेत म्हणतेत. ७५ हजार ॲडव्हान्स, वर १ लाख २० हजार खर्चून एक व्हिडिओ ते करणार, सगळा खर्च वसूल झाला की आम्हाला १५ टक्के रॉयल्टी. हक्क कायमचे त्यांच्याकडं, शोच्या पैशातले २५ टक्के पण त्यांचे. अन् गाण्यात जिथं 'मव्हं' आहे तिथं 'माझं' करा म्हणतेत, म्हणजे पुण्या-मुंबईत चालेल. पंधरा दिवसात सही करा नाहीतर दुसरा बँड बघतो म्हणले. आमच्यातले दोघं हो म्हणतेत, दोघं नाही म्हणतेत, गाणारी गप्प आहे. दोन गाणी गिटारवाल्याच्या मामानं लिहिलेली आहेत, ते झेडपीच्या शाळेत गुरुजी आहेत. सही करावी का? नाही केली तर चांगल्या लेबलकडं जायचं कसं?"

लेकरांनो, ह्या कागदावर सही करू नका. लेबल वाईटच असतंय असं मी म्हणत नाही, पुढं कधीतरी तुम्हाला लागेल पण, पण हा कागद वाचून मला आपल्याकडचा मुकादम आठवला. केज-धारूरकडं कुणाचं नातंगोतं असेल तर त्याला हे समजवायची गरज नाही. हंगामाच्या आधी मुकादम दारात येतो, एका कोयत्यामागं म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागं रोख रक्कम हातावर ठेवतो, घरात लग्न असतंय नाहीतर दवाखाना असतोय त्यामुळं ती घेतली जाते, मग सहा महिने ऊस तोडून ती फेडायची अन् फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामाच्या वहीवर. तिला कुणी बक्षीस म्हणत नाही, पगार पण म्हणत नाही, उचल म्हणतेत. लेबलचा ॲडव्हान्स ही तीच उचल आहे, फक्त ऊसाच्या जागी गाणं.

आता वही मांडून बघू. ७५ हजार अधिक १ लाख २० हजार म्हणजे १ लाख ९५ हजार तुमच्या नावावर बाकी. ही बाकी गाण्याच्या सगळ्या कमाईतून फिटत नाही हं, फक्त तुमच्या १५ टक्क्यातून फिटते, हे बहुतेक पोरांच्या लक्षातच येत नाही. १ लाख ९५ हजार हे कशाचे १५ टक्के? १३ लाखाचे. म्हणजे तुमच्या गाण्यांनी १३ लाख कमवले की तुमची उचल फिटली, त्या दिवशी लेबलच्या खिशात ११ लाख ५ हजार गेलेले असतील वर त्यांचा व्हिडिओचा खर्च वसूल झालेला असेल आणि तुम्हाला ७५ हजाराच्या पुढं एक रुपया मिळालेला नसेल. पाच जणात ते ७५ हजार वाटले तर पंधरा-पंधरा हजार. चांगली हलगी अन् एक बरा माईक घेतला की संपले. आणि त्या १ लाख २० हजाराची बिलं कोण बघणार? व्हिडिओ त्यांच्याच भावकीतल्या कुणाच्या तरी कॅमेऱ्यावर होणार, आकडा ते सांगतील तो. सातही गाण्यांची वही एकच ठेवली असेल तर एक गाणं चाललं अन् सहा पडली तरी चाललेल्यानं पडलेल्यांचं कर्ज फेडायचं. कागदात 'सर्व गाण्यांचा एकत्रित हिशोब' अशा अर्थाची ओळ कुठं आहे का बघा, असणारच.

मी हे एवढं तावातावानं का लिहितोय ते पण सांगतो. १९९८ साली मी तेव्हाच्या औरंगाबादेत एका भीमगीतांच्या पार्टीत बँजो वाजवायचो. चार गाण्यांना चाली माझ्या होत्या. एका कॅसेट कंपनीचा माणूस आला, स्टुडिओच्या मागच्या खोलीत खुर्च्या नव्हत्या म्हणून ढोलकीच्या पेटीवर कागद ठेवला, चहा आला, आम्ही सहा जणांनी सह्या केल्या अन् सहा हजार रुपये घेऊन पैठण गेटला जेवायला गेलो. कागदावर काय होतं ते मी अकरा वर्षांनी वाचलं. 'आज अस्तित्वात असलेल्या व भविष्यात येणाऱ्या सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी.' १९९८ ला आम्हाला वाटलं भविष्यातलं माध्यम म्हणजे सीडी असेल. मागच्या वर्षी १४ एप्रिलच्या आधी जालन्याच्या बसस्टँडसमोर एका मोबाईलच्या दुकानात माझी चाल वाजत होती, यूट्यूबवरून, कोपऱ्यात त्या कंपनीचा लोगो, खाली गायकाचं नाव, संगीतकाराच्या जागी 'पारंपरिक'. मी जिवंत माणूस, हातात वडापाव, अन् मी पारंपरिक!

तर कागद कसा वाचायचा. एका गाण्याचे दोन सातबारे असतेत. एक सातबारा गाण्याचा, म्हणजे शब्द अन् चाल. दुसरा रेकॉर्डिंगचा, ज्याला हे लोक मास्टर म्हणतेत, म्हणजे तुम्ही स्टुडिओत बसून जे वाजवून घेतलं तो तयार ऑडिओ. पहिला लिहिणाऱ्याच्या अन् चाल लावणाऱ्याच्या नावावर, दुसरा ज्यानं रेकॉर्डिंगचा खर्च केला साधारण त्याच्या. तुमचं आतापर्यंतचं रेकॉर्डिंग तुमच्याच पैशानं झालंय ना? मग आज दोन्ही सातबारे तुमच्याकडं आहेत. (अभंगाचं अन् मामाच्या दोन गाण्यांच्या शब्दांचं वेगळं, त्यावर येतो.) लेबलवाला 'सगळे हक्क' म्हणतो तेव्हा तो दोन्ही मागतोय, आणि तुम्हाला वाटतंय आपण एक देतोय.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात २०१२ साली मोठी दुरुस्ती झाली, माझा कागद त्याच्या आधीचा म्हणून मी बुडालो पण तुम्ही बुडायचं कारण नाही. त्या दुरुस्तीनंतर गीतकार अन् संगीतकार आपला रॉयल्टीचा हक्क लेबलला लिहून देऊच शकत नाहीत. वारसाला देता येतो, नाहीतर कॉपीराइट सोसायटीला. बाकी कुणाला लिहून दिला तरी ते कलम रद्दबातल. शब्द अन् चालीच्या त्या रॉयल्टीत लेबलच्या बरोबरीनं निम्मा वाटा तुमचा राहतो. पण हा हक्क नुसता कायद्यात असून उपयोग नाही, पैसे गोळा करणारं कुणीतरी लागतं अन् ते काम आयपीआरएस ही कॉपीराइट सोसायटी करते, तिचं मेंबर व्हावं लागतं, गीतकारानं वेगळं अन् संगीतकारानं वेगळं. मामांचं नाव तिथं पाहिजे. चाल कुणी लावली त्याचं पाहिजे. 'बँडनं लावली' हे नाव तिथं चालत नाही, माणसं लागतेत.

त्याच कायद्याचं कलम १९ एकदा सावकाश वाचा, मोबाईलवर फुकट मिळतं. हक्क द्यायचे तर लेखी अन् सहीनिशी, त्यामुळं इन्स्टावर तुमच्यातल्या कुणी अंगठा दाखवून आलं असेल तर गाणी गेली असं काही होत नाही, घाबरू नका. कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि ज्यानं हक्क घेतले त्यानं ते एक वर्षात वापरले नाहीत तर ते गळून पडतात, कागदात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर. ह्या 'नसेल तर' मध्येच सगळी गंमत आहे. लेबलच्या वकिलाला हे कलम तोंडपाठ असतंय, म्हणून शेवटच्या पानांवर कुठंतरी 'कलम १९ पोटकलम ४ लागू होणार नाही' असं एक वाक्य गपचूप बसवलेलं असतंय. त्याचा अर्थ, तुमची सात गाणी घेऊन दहा वर्षं कपाटात ठेवली तरी तुम्ही काही म्हणू शकत नाही. ते वाक्य सापडलं तर त्यावर लाल पेनानं गोल करा अन् तेवढं आधी काढायला लावा.

मग द्यायचं काय? आपल्याकडं रान बटईनं देतेत, ठोक्यानं देतेत, पण खरेदीखत करून देताना घरातली चार माणसं बसतेत, म्हातारी रडते, आठ दिवस जेवण गोड लागत नाही. गाण्याचं तसंच ठेवा. मास्टर पाच वर्षांसाठी लायसन्सनं द्या, म्हणजे नुसतं वापरायला, मालकी तुमचीच, नंतर ते आपोआप तुमच्याकडं परत. सात नको, तीन गाणी. हिशोब दर तीन महिन्यांनी लेखी, आणि त्यांची वही तपासायचा अधिकार तुम्हाला. खर्चाला वरची मर्यादा अन् त्याच्यावर खर्च करायचा तर तुमची आधी लेखी परवानगी. शोचे २५ टक्के, हे का? शो ते लावून देणार आहेत का? माळेगावच्या यात्रेत नाहीतर कॉलेजच्या गॅदरिंगला तुम्ही तुमच्या ओळखीनं गेलात, टेम्पो तुमचा, पेट्रोल तुमचं, घसा पोरीचा, अन् २५ टक्के मुंबईला कशाचे. ज्या शोची ऑर्डर त्यांनी आणली त्याच शोपुरतं कमिशन द्यावं, एवढं म्हणणं रास्त आहे. प्रमोशनच्या नावाखाली तुमच्याकडूनच पैसे मागितले तर मात्र बोलणंच थांबवा, पोरगी बघायला आलेल्यांनी गाडीभाडं मागितल्यासारखं आहे ते.

'मव्हं' चं काय करायचं ते विचारलंय. काहीच करायचं नाही. तुमचा व्हिडिओ मी तीनदा बघितला, दुसऱ्या कडव्यानंतर हलगी थांबते अन् ती पोरगी नुसत्या संबळवर 'मव्हं' म्हणते, तिथं खालच्या कमेंट वाचल्या का? अर्ध्या कमेंट त्या एका शब्दावर आहेत, कुणी सेलूचा, कुणी मानवतचा, एक बाई दुबईहून लिहिते की माझी आजी असं बोलायची. लेबलला मेसेज करावासा वाटला तो ह्याच शब्दामुळं, अन् आता तोच काढा म्हणतेत. बदल सुचवायचा अधिकार त्यांना असू द्या, करायचा अधिकार तुमच्याकडं ठेवा, तसं कागदात लिहून घ्या.

आता अभंग. जनाबाई तुमच्याच जिल्ह्यातली, गंगाखेडची. तिचे शब्द सगळ्यांचे आहेत, सातशे वर्षं झाली, त्यावर ना तुमचा सातबारा ना लेबलचा. पण चाल? पत्रात लिहिलंय 'आमच्या पद्धतीनं केला', मला नेमकं पाहिजे. चाल आजीकडून, दिंडीतून आली असेल तर प्रश्न नाही. लहानपणी रेडिओवर किंवा कॅसेटवर ऐकलेली असेल तर ती कुण्या संगीतकाराची असू शकते, आणि अभंग जुना असला तरी चालीवर संगीतकाराचा हक्क तो जिवंत असेपर्यंत अन् त्याच्या नंतर ६० वर्षं राहतो. लेबलच्या कागदात एक कलम असणारच की गाणं पूर्णपणे आमचं आहे, उद्या कुणी दावा लावला तर नुकसानभरपाई आम्ही भरू. 'आम्ही' म्हणजे तुम्ही पाच जण. ह्या कलमावर खोटी सही करणं ७५ हजारापेक्षा लई महाग पडेल. चाल तुमची किंवा खरोखर लोकपरंपरेतली असेल तर तुमचं ते रेकॉर्डिंग मात्र नक्की तुमचं, ६० वर्षांसाठी. अन् एक्स्क्लुझिव्ह, म्हणजे फक्त त्यांनाच, हक्क दिले की तुमच्याच चॅनेलवरच्या तुमच्याच व्हिडिओवर कंटेंट आयडीचा, म्हणजे गाणं ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचा, क्लेम येतो अन् जाहिरातीचे पैसे तिकडं वळतात, हे झालेले बँड मी बघितलेत.

व्हिडिओवरून आठवलं, मोनेटायझेशन, म्हणजे व्हिडिओवरच्या जाहिरातीचे पैसे मिळणं, चालू केलंय का? पत्रात एक शब्द नाही त्याबद्दल. यूट्यूबला १००० सबस्क्रायबर अन् मागच्या १२ महिन्यात ४००० तास बघणं झालेलं लागतं. दोन लाख व्ह्यूज आहेत, सहा महिन्यातलेच आहेत, प्रत्येकानं सरासरी दोन मिनिटं बघितलं धरलं तरी साडेसहा हजार तास होतेत. सबस्क्रायबर भरले असतील तर तुम्ही आज अर्ज करू शकता, अन् तुम्ही पंधरा दिवसाच्या मुदतीनं झोप उडवून बसलाय! बाकी ठिकाणी गाणं चढवायला लेबल लागत नाही, ट्यूनकोर, डिस्ट्रोकिड असे डिस्ट्रिब्युटर आहेत, ठरलेले पैसे भरायचे, ते सगळीकडं गाणं टाकतेत, प्रत्येक रेकॉर्डिंगला ओळखीचा १२ अक्षरी आयएसआरसी नंबर देतेत, मालकी तुमचीच राहते. तिथून लाखो येतील असं मनात आणू नका. स्पॉटिफायवर तर २०२४ पासून १२ महिन्यात १००० वेळा ऐकलं गेल्याशिवाय त्या गाण्याचे पैसेच धरत नाहीत. पण चांगल्या लेबलकडं जाताना हे आकडे हातात लागतेत, अन् ते तुमच्या स्वतःच्या खात्यावरचे असले पाहिजेत.

चांगल्या लेबलकडं जायचं कसं, तर लेबल निवडा आधी. त्यांनी शेवटची काढलेली दहा गाणी ऐका, दहाही हळदीची डीजे गाणी असतील तर तिथं संबळ घेऊन कशाला जाता. त्यांच्याकडच्या एखाद्या लहान बँडला शोधून विचारा, हिशोब वेळेवर येतो का. ते बोलायला टाळाटाळ करायला लागले तर काय समजायचं ते समजा. मेल पाठवायचा तो दहा ओळींचा, तीन पूर्ण झालेली गाणी, एक लिंक, लाइव्ह शोचा एक कच्चा व्हिडिओ ज्यात समोरची गर्दी दिसते. ऑडिओ फायली जोडू नका, कुणी डाउनलोड करून ऐकत नाही. तुम्ही कोण, कुठले, काय वाजवता हे दोन ओळीत. 'फ्यूजन' हा शब्द टाळा बाबांनो, प्रत्येक मेलमध्ये असतो. हलगी आणि संबळ म्हणा, ऐकणाऱ्याला चित्र दिसतं. मग महिनाभर गप बसा, एकदाच आठवण करा.

पण त्याच्याही आधी पाचजणांत एक कागद करा. हो म्हणणारे दोघं, नाही म्हणणारे दोघं अन् एक गप, अशा बँडला कुठलंही लेबल दोन महिन्यात फोडतं. कुणी किती टक्के, एखाद्यानं सोडलं तर जुन्या गाण्यातला त्याचा वाटा राहतो का, नवीन आलेल्याला काय, बँडचं नाव कुणाचं. नाव तर लिहूनच ठेवा, मी एक ऑर्केस्ट्रा बघितलाय ज्याच्या भांडणानंतर एकाच नावाचे दोन ऑर्केस्ट्रा एकाच गणपतीत दोन गल्ल्यांत वाजत होते. नावाचा ट्रेडमार्क वर्ग ४१ मध्ये, म्हणजे करमणुकीच्या वर्गात, होतो, एका व्यक्तीच्या नावानं ऑनलाइन अर्जाला सरकारी फी ४५०० रुपये आहे, फक्त तो अर्ज कुणा एकाच्या नावानं गपचूप होऊ देऊ नका. पैसे आता कुणाच्या खात्यावर येतेत? हलगीवाल्याच्या आईच्या, बरोबर ना? बहुतेक बँडचे कुणाच्या तरी आईच्या खात्यावरच येतेत. बँडचं वेगळं खातं काढा. आणि गाणारीला विचारा, सगळ्यांसमोर नाही, ती गप का आहे. आवाज तिचा आहे, कागदावर 'मुख्य गायिका' म्हणून तिलाच सगळ्यात जास्त बांधून घेतलेलं असेल, ते तिनं एकटीनंच वाचलं असेल असं मला वाटतंय.

पंधरा दिवसाची मुदत खरी नसते, घाई लावायची पद्धत आहे ती, प्लॉटवाले पण 'आजच इसार द्या, उद्या भाव वाढतोय' म्हणतेत. उत्तर मात्र द्या, असं काहीतरी: "नमस्कार, ऑफरबद्दल धन्यवाद. आम्ही तीन गाण्यांचे मास्टर पाच वर्षांसाठी लायसन्सवर देऊ शकतो. शोचं उत्पन्न, बँडचं नाव आणि गाण्याची भाषा आमच्याकडं राहील. खर्चाची मर्यादा आणि तिमाही हिशोब करारात हवा. मसुदा पाठवा, वकिलांना दाखवून महिन्याभरात कळवतो." बास. 'वकील' ह्या शब्दानं जो पळतो तो पळू द्या. मसुदा आलाच तर खरंच दाखवा, संभाजीनगरला खंडपीठ आहे, कॉपीराइटची कामं करणारं कुणी ना कुणी तिथं सापडेल, शेताच्या खटल्यातल्या वकिलाकडं फक्त ओळख आहे म्हणून नेऊ नका.

आणि मामा. दोन गाणी त्यांची आहेत अन् पत्रात त्यांना काय वाटतं ह्याबद्दल एक ओळ नाही. त्यांच्या सहीशिवाय ती गाणी तुम्हाला कुणालाच देता येत नाहीत, भाचा असला म्हणून काय झालं. हा शनिवार धरा, शाळा सकाळची असते, दुपारी घरी सापडतील.